हवेची तहान
(स्मृतिव्याख्यानमालेत शेतकरी, कृषी पदवीधर आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शेतीचं शास्त्र शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय बांधावरचाच हवा. म्हणून आज मी पॉलिहाऊस, रोपवाटिका, अळिंबीची खोली अशा बंदिस्त जागेत पीक घेताना तिथलं तापमान आणि आर्द्रता कशी सांभाळायची, याबद्दल बोलणार आहे.

२००५-०६ साली राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झालं आणि अनुदानाच्या आधारानं महाराष्ट्रात पॉलिहाऊस नि शेडनेट गावोगाव उभी राहिली. मावळातला गुलाब परदेशी जातो. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात जरबेरा आणि रंगीत ढोबळी मिरची घेणारी एक पिढी तयार झाली. या मंडळींशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो : "सर, आत तापमान किती ठेवायचं आणि आर्द्रता किती ठेवायची?" प्रश्न प्रामाणिक आहे. मात्र तो दोन आकडे मागतो, आणि झाडाला ते दोन आकडे वेगवेगळे कळतच नाहीत. पानाला कळते ती हवेची तहान. हवा त्याच्याकडून किती जोरानं पाणी ओढते आहे, एवढंच त्याला जाणवतं. तापमान आणि आर्द्रता मिळून ही तहान ठरते. ती मोजायला शिकलो, तर बंदिस्त शेतीतल्या निम्म्या अडचणींचं कारण आपल्याला दिसू लागेल. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते मी नीट उलगडून सांगणार आहे.

सुरुवात हवेपासून करू. एक घनमीटर हवेत १० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त साधारण ९.४ ग्रॅम बाष्प मावतं. २० अंशांना १७.३ ग्रॅम, ३० अंशांना ३०.४ ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम. म्हणजे दर दहा-अकरा अंशांना ही क्षमता जवळपास दुप्पट होते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे या क्षमतेचा किती टक्के भाग भरलेला आहे ते. क्षमताच तापमानाबरोबर बदलत असल्यामुळे नुसती टक्केवारी फसवते. आर्द्रता ६० टक्के आहे असं तुम्ही म्हणालात, तर मी आधी विचारेन, किती अंशांना? २० अंशांना ६० टक्के आर्द्रता असेल तर हवेतल्या बाष्पदाबाची तूट ०.९४ किलोपास्कल असते. तेच ६० टक्के ३० अंशांना असतील तर तूट १.७० किलोपास्कल होते. टक्केवारी तीच, आणि पानावरचा ताण जवळपास दुप्पट. या तुटीला हल्ली सगळे व्हीपीडी म्हणतात. बहुतेक पिकांची कोवळी रोपं आणि छाटकलमं यांना ती ०.४ ते ०.८ किलोपास्कल मानवते. वाढीच्या पिकाला ०.८ ते १.२ आणि फुलाफळावरच्या पिकाला १.५ पर्यंत चालते. पिकागणिक आणि वाणागणिक यात थोडा फरक पडतो, पण दिशा हीच.

आता पानाकडे वळू. झाड मुळांनी जेवढं पाणी घेतं, त्यातलं ९५ टक्क्यांहून अधिक पर्णरंध्रांमधून हवेत जातं. हे वाया गेलेलं पाणी नव्हे. याच प्रवाहाबरोबर कॅल्शियम शेंड्यापर्यंत आणि फळापर्यंत पोचतो. हवा फार दमट झाली की हा प्रवाह मंदावतो. लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात त्या यामुळेच, आणि अशा वेळी जमिनीत कितीही कॅल्शियम नायट्रेट सोडलं तरी उपयोग होत नाही, कारण ते वर ओढणारी हवाच तृप्त असते. उलट टोकाला, हवा फार तहानलेली झाली की सगळा प्रवाह मोठ्या पानांकडे धावतो आणि फळ उपाशी राहतं. ढोबळी मिरचीचं टोक कुजतं ते बहुधा तेव्हा. तहान त्याहून वाढली तर झाड पर्णरंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडची वाट बंद होते. भर दुपारी, लख्ख उजेडात, खत-पाणी सगळं जागेवर असताना पीक अन्न बनवायचं थांबवतं. त्या दिवसाचं उत्पन्न तिथेच बुडतं आणि शेतकऱ्याला ते दिसतही नाही.

पाण्याच्या या प्रवासाचं आणखी एक काम आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विजेच्या भाषेत सांगायचं तर जवळपास ०.७ युनिट. दहा गुंठ्यांचं, म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटरचं पॉलिहाऊस घ्या. भरलेलं पीक कडक उन्हाच्या दिवशी दर चौरस मीटरला दोन ते चार लिटर पाणी हवेत सोडतं. मधला आकडा धरला तरी तीन हजार लिटर झाले. त्या दिवशी तुमच्या पिकानं सुमारे दोन हजार युनिट विजेएवढी उष्णता गिळली. एवढं मोठं शीतयंत्र विकत आणायचं तर कुणाला परवडेल? म्हणूनच लहान रोपं असलेलं पॉलिहाऊस दुपारी भट्टीसारखं तापतं आणि त्याच ढाच्यात, त्याच उन्हात, वाढलेलं पीक असलेलं पॉलिहाऊस सुसह्य वाटतं. यातून व्यवस्थापनाचा एक साधा नियम निघतो : लागवडीनंतरचे पहिले काही आठवडे सावली आणि फॉगरचा आधार जास्त द्यायचा, आणि पानांचं छत्र भरत जाईल तसा तो काढत जायचा. अनेक ठिकाणी फॉगरचं वेळापत्रक पहिल्या दिवशी लावतात ते सहा महिन्यांनीही तेच असतं. तोवर पीक स्वतःच हवा ओली करू लागलेलं असतं, वरून आपण आणखी पाणी फवारतो, आणि भुरी, केवडा, बोट्रायटिस या रोगांचा खर्च औषधांच्या दुकानात मोजतो.

हे ज्ञान आजचं नाही. लंडनमधल्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं १८२९ साली एका बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवला होता. त्यातल्या ओलसर मातीत नेचा आणि गवत उगवलं आणि पाणी न घालता टिकलं. दिवसा मातीतून निघालेली वाफ काचेवर थंड होऊन पुन्हा मातीत उतरत होती. त्यातून झाडं नेण्याची काचेची पेटी तयार झाली. १८३३ साली अशा पेट्यांतून निघालेली झाडं सिडनीपर्यंत जिवंत पोचली, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधला चहा याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणला. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं बंदिस्त शेती काचेच्या आणि म्हणून श्रीमंतांच्या घरातच राहिली. १९४८ साली अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट यांनी काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद वापरून हरितगृह उभं केलं, तेव्हा कुठे ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं.

पण पिकाजवळची हवा ही आपल्या डोक्यावरच्या हवेहून वेगळी असते, हे शोधण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे आणि तो आपण विसरतो. भारतीय हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. १९३२ साली तिथे कृषी हवामान विभाग सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांनी तो उभा केला. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून असेल, असं तोवर सगळे धरून चालले होते. मोजल्यावर दिसलं की ती जमिनीपासून काही वीत वर असते. जगभरच्या शास्त्रज्ञांना ते पटायला वेळ लागला. आज तो थर रामदास यांच्याच नावानं ओळखला जातो. पुढे १९४८ पासून पुण्याच्याच हवामान खात्यात अण्णा मणी यांनी हवामानाची उपकरणं इथे बनवण्याचा पाया घातला. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. वीतभर उंचीनं तापमान बदलतं हे ज्या शहरात सिद्ध झालं, त्याच शहराच्या आसपास आज शेकडो पॉलिहाऊसमध्ये एकच तापमापक दारापाशी, डोक्याच्या उंचीवर, उन्हात टांगलेला असतो. त्याला पिकाची हवा माहीतच नसते. तापमापक पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर हवा, त्यावर सावली हवी, आणि त्याच्याजवळून हवा वाहती हवी. पीक वाढेल तसा तोही वर सरकवायला हवा.

आता पॉलिहाऊसचा एक दिवस डोळ्यांपुढे आणू. साधा पॉलिथिनचा कागद उजेड आत घेतो, पण रात्री जमिनीची उष्णता अवरक्त किरणांवाटे बाहेर जाते ती फारशी अडवत नाही. त्यामुळे थंडीतल्या निरभ्र रात्री बंद पॉलिहाऊसमधलं तापमान बाहेरच्या इतकंच, कधी त्याहूनही कमी होतं. आतली हवा ओली, कागद थंड, त्यामुळे कागदाला पाणी सुटतं आणि थेंब पिकावर गळतात. खरा धोक्याचा तास सूर्योदयानंतरचा. हवा झपाट्यानं तापते. पीक जागं होऊन बाष्प सोडू लागतं. जाडसर फळ, घट्ट कळी मात्र रात्रीइतकीच थंड असते. समजा हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के झाली, तर दवबिंदू २१ अंशांच्या किंचित वर असतो. फळ १९ अंशांवर असेल तर त्यावर दव धरणारच. हे दव काही तास टिकलं की बोट्रायटिसच्या बीजाणूंना रुजायला हवं ते सगळं मिळतं. उपाय पैशाचा नाही, सवयीचा आहे : ऊन चढण्याआधी वरची झडप आणि बाजूचे पडदे थोडे उघडायचे, ओली हवा बाहेर घालवायची, आणि तापमान हळूहळू चढू द्यायचं. "थंडी आहे, नऊपर्यंत पडदे बंदच ठेवू" असा विचार फार जण करतात. त्या दोन तासांत रोगाची पेरणी होऊन जाते.

दुपारी प्रश्न उलटा होतो. मार्च-एप्रिलमध्ये आतली हवा ३५ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर तूट ३.३ किलोपास्कलच्या पुढे जाते. पर्णरंध्रं मिटतात, ढोबळीची फुलं गळतात आणि लाल कोळीला मोकळं रान मिळतं. इथे फॉगर हवा, पण थोडक्यात आणि वारंवार, पान ओलं न होता धुकं हवेतच विरेल इतकाच. आणि फॉगर चालू असताना वरची झडप उघडी हवी. बंद जागेत फवारलेलं पाणी हवा पटकन तृप्त करतं आणि गारवा तिथेच थांबतो. संध्याकाळी शेवटचा फॉगर आणि शेवटचं पाणी इतक्या लवकर थांबायला हवं की रात्र पडण्याआधी पान कोरडं होईल.

दिवसाप्रमाणे प्रदेशही बदलतो, आणि इथे आपण सर्वांत महाग चूक करतो. कॅटलॉगमधला ढाचा जसाच्या तसा उचलतो. पंखा आणि ओल्या पॅडची यंत्रणा घ्या. ती हवेला ओल्या फडक्याच्या तापमानाखाली, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्या तापमानाखाली, नेऊ शकत नाही, आणि चांगली चाललेली यंत्रणाही हवेचं तापमान आणि हे तापमान यांतल्या अंतराच्या सुमारे ८० टक्केच मजल मारते. मराठवाड्यात मे महिन्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असते, तेव्हा ओल्या फडक्याचं तापमान २२-२३ अंश येतं. पॅडमधून येणारी हवा २६ अंशांच्या आसपास मिळू शकते. हा चौदा अंशांचा गारवा आहे. तीच यंत्रणा कोकणात ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत लावा. ओल्या फडक्याचं तापमान २९ अंश, आणि हातात पडतात जेमतेम तीन अंश. वीजबिल मात्र दोन्हीकडे येतं. पॅड जिथे काम करतो तिथे पाणी कमी आणि अनेकदा क्षारयुक्त, आणि जिथे पाणी भरपूर तिथे पॅड निरुपयोगी. कोकणात उंच ढाचा, मोठी झडप, वाहता वारा आणि सावली हेच खरे उपाय. कीटकरोधक जाळी वारा अडवते, म्हणून जाळी लावली की उघडझापीचं क्षेत्र वाढवायला हवं, हेही ढाचा उभारण्याआधीच ठरवायचं असतं.

पावसाळ्यात लोक म्हणतात, बाहेरचीच हवा ओली, मग पडदे उघडून काय मिळणार? मिळतं. बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता आहे. ती हवा आत येऊन उन्हाच्या उबेनं फक्त तीन अंश तापली, तरी आर्द्रता ७९ टक्क्यांवर येते. एक थेंबही न काढता हवा तहानलेली होते. म्हणून ढगाळ दिवसांत पडदे मिटून बसू नये. आतले पंखे फिरते ठेवावेत, खालची जुनी पानं काढून झाडाच्या बुडाशी वारा खेळू द्यावा, आणि पाणी सकाळीच, मोजून द्यावं.

पूर्ण बंद खोलीत हाच हिशेब आणखी कडक होतो. तिथे वारा नाही, ऊन नाही. दिव्यांना दिलेली वीज शेवटी उष्णता होते, आणि पिकाला दिलेलं जवळपास सगळं पाणी त्याच खोलीच्या हवेत येतं. दिवे चालू असताना २८ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असलेली खोली दिवे विझल्यावर २० अंशांवर आली, तर आर्द्रता ९७ टक्के होते. पाणी कुणी घातलं नाही, फक्त हवेची क्षमता आटली. म्हणून आर्द्रता काढणारं यंत्र दिवे विझण्याआधी सुरू व्हायला हवं. आणि ते यंत्र स्वतःही उष्णता सोडतं, तीही हिशेबात धरायला हवी.

अळिंबीचं गणित वेगळं. तिला पर्णरंध्रं नाहीत, म्हणजे पाणी रोखायची सोय नाही. त्यामुळे फळधारणेच्या वेळी आर्द्रता ८५ ते ९० टक्के लागते. धिंगरी २० ते ३० अंशांत येते, म्हणून ती आपल्याकडच्या साध्या झोपडीत जमते. बटण अळिंबीला फळधारणेसाठी १४ ते १८ अंश लागतात, तिथे यंत्राशिवाय गत्यंतर नाही. शिवाय अळिंबी श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. ओल टिकावी म्हणून खोली गच्च बंद केली तर देठ लांबतात आणि छत्र्या खुरटतात. ताजी हवा हवी आणि ओलही हवी, ही दोन्ही टोकं रोज जुळवणं हेच अळिंबी उत्पादकाचं कसब.

केशराबद्दलही बोललं पाहिजे, कारण खोलीत केशर पिकवण्याच्या बातम्या वाचून तरुण मुलं कर्ज काढताहेत. केशराच्या कंदात फुलाची घडण २३ ते २७ अंशांत होते आणि फूल बाहेर यायला १७ अंशांच्या आसपासचा गारवा लागतो. हे दोन टप्पे खोलीत साधता येतात. पण ते फूल कंदात आधी साठवलेल्या अन्नावर येतं. पुढच्या वर्षीचे कंद पोसायला पानं, प्रकाश आणि माती लागते. पहिल्या वर्षीच्या फुलांवर पुढच्या दहा वर्षांचं गणित मांडणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं.

या सगळ्याची कसोटी मला जळगावच्या केळीत दिसते. ऊतिसंवर्धित रोप बाटलीत वाढतं तेव्हा तिथली हवा जवळजवळ पूर्ण तृप्त असते. त्याच्या पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो आणि पर्णरंध्रांना मिटायचा सराव नसतो. ते थेट शेतात लावलं तर काही तासांत वाळेल. म्हणून आधी धुक्याच्या हरितगृहात, मग शेडनेटखाली, काही आठवडे हवेची तहान थोडी थोडी वाढवत नेतात. रोप मेण धरतं, रंध्रं मिटायला-उघडायला शिकतं. खानदेशातल्या उन्हात केळीच्या ज्या बागा डोलतात, त्यांच्या मुळाशी ही रोपवाटिकेतल्या बायका-पुरुषांनी रोज सांभाळलेली हवा आहे. त्या कामाला आपण अजून कौशल्याचा मान दिलेला नाही, तो द्यायला हवा.

मग करायचं काय? महागडं नियंत्रण यंत्र प्रत्येकाला परवडणार नाही, आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला सुती फडकं गुंडाळून त्याचं टोक स्वच्छ पाण्यात बुडवा. दोन पाऱ्यांमधला फरक म्हणजेच हवेची तहान. हवा २५ अंशांच्या आसपास असताना फरक तीन ते पाच अंशांचा असेल तर बहुतेक वाढत्या पिकांना ते मानवतं. फरक एक अंशावर आला की रोगाची तयारी झाली असं समजा, आणि आठ-दहाच्या वर गेला की पीक थांबलं असं समजा. पहाटे, सूर्योदयानंतर तासाभरानं, दुपारी दोनला आणि सूर्यास्ताला, अशा चार नोंदी वहीत करा. शेजारी पडदे, फॉगर, पाणी आणि दिसलेला रोग लिहा. एका हंगामात ती वही तुम्हाला कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त सांगेल, कारण ती तुमच्याच ढाच्याची, तुमच्याच गावाच्या हवेची असेल.

आणि संस्थांकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. अनुदानाच्या अंदाजपत्रकात लोखंड आणि कागदाच्या शेजारी मोजमापाची साधनं आणि ती वापरायचं प्रशिक्षण यांना जागा द्या. कृषी विद्यापीठांनी मावळ, मराठवाडा, खानदेश, कोकण यांच्यासाठी महिन्यागणिक वेगळी वेळापत्रकं मराठीत छापावीत. आणि कृषी महाविद्यालयांतल्या मुलांनी या शेतकऱ्यांच्या वह्या गोळा कराव्यात, ताडून पाहाव्यात, त्यावर प्रबंध लिहावेत. रामदास यांनी ज्या शहरात मोजून जगाला नवं काही सांगितलं, तिथे हे काम परकं वाटायचं कारण नाही.

पॉलिहाऊस बंद पडली, कर्जं थकली, असं आपण ऐकतो तेव्हा दोष बाजारभावाला देतो. बाजाराचा दोष असतोच. पण आतल्या हवेवर आपला हात आहे, आणि ती मोजायला लागणारी साधनं शेतकऱ्याच्या खिशाबाहेरची नाहीत. जे आपल्या हातात आहे ते रोज मोजावं, लिहून ठेवावं आणि त्याप्रमाणे वागावं, अशी विनंती करून मी थांबतो.